हातभर फडके



मागील अंकात पाणी गाळण्याच्या वस्त्राविषयी लिहिले होते. छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद असे घट्ट विणीचे वस्त्र दुहेरी करून त्यातून पाणी गाळावे, ही आपल्या पूर्वाचार्यांची शिकवण. आणि गाळून झाल्यावर वस्त्रावर उरलेली जिवाणी ज्या आडाचे पाणी त्याच आडात अलगद सोडावी, ही आपल्या आजी-पणजींची रीत. असा तो विषय होता. त्यावर एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "गाळण्याला तुम्ही एवढा मान दिलात, ते योग्यच झाले. परंतु आमच्या घरी बेसिनपाशी एक नॅपकिन सकाळपासून रात्रीपर्यंत ओलाच लोंबत असतो. घरातील सहा माणसे आणि येणारा-जाणारा त्यालाच तोंड पुसतो. पाणी गाळून पिणाऱ्या घरात हे चालते कसे? यावर काही लिहाल का?"

पत्र चार दिवस टेबलावर तसेच पडून राहिले. विषय क्षुल्लक वाटला म्हणून नव्हे. तोंड आणि अंग पुसण्याच्या फडक्याविषयी मला जे थोडेफार कळते, ते मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तेही निरुपायाने शिकलो. ते चारचौघांत सांगावे की नाही, याचा निर्णय होत नव्हता. शेवटी आईलाच विचारले. "सांग की. त्यात लाजायचं काय?" ती म्हणाली. तेव्हा पुढील मजकूर तिच्या संमतीने लिहीत आहे, हे आरंभीच नमूद करतो.

आमचे मूळ गाव वारणाकाठचे. माझ्या बालपणी आमच्या घरात टॉवेल हा शब्द नव्हता; होता तो पंचा. पाच हात लांबीचा म्हणून पंचा, असे अण्णा सांगत. बाजारात मिळणारा पंचा मात्र तेव्हाच बराच आखडला होता. अण्णा पहाटे आडावर स्नान करीत. पंचा पाण्यात भिजवायचा, त्याचीच घडी करून पाठ, मान, हातपाय चोळायचे, मग तो घट्ट पिळायचा आणि त्याच ओल्या पंचाने अंग कोरडे करायचे. ओल्या कापडाने अंग कोरडे कसे होते, याचे मला मोठे नवल वाटे. त्याचे उत्तर कापसाच्या स्वभावात आहे. सुताचे तंतू पाणी चटकन ओढून घेतात आणि पिळले की तितक्याच सहजपणे सोडतात. शिवाय कापसाचा धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट अधिक बळकट होतो. म्हणूनच पंचाला दोन्ही हातांनी पीळ घालून शेवटचा थेंब काढला तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. स्नान आटोपले की अण्णा पंचा दोनदा झटकीत आणि अंगणातल्या दोरीवर पसरून टाकीत. घडी घालून नव्हे, पूर्ण उलगडून. त्या दोरीवर अण्णांचा पंचा, काकांचा पंचा आणि आजीच्या जुन्या लुगड्याचे फडके यांच्या जागा ठरलेल्या होत्या. एकाचा पंचा दुसऱ्याने घेतल्याचे मला आठवत नाही.

या साध्या वस्त्राला आपल्या देशात मोठा मान मिळाला आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई मुक्कामी गांधीजींनी अंगावरील इतर पोशाख उतरवून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला, तो अखेरपर्यंत. आसामातील गामोसा हेही मुळात अंग पुसण्याचेच वस्त्र; 'गा' म्हणजे अंग आणि 'मोसा' म्हणजे पुसणे. तेथे पाहुण्याचा सत्कार करताना तोच खांद्यावर घालतात, आणि २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या भागापुरते सांगायचे तर इचलकरंजी जवळच. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटात जागू लागले.

टॉवेल आपल्याकडे आला तो 'टर्किश टॉवेल' या नावाने. हे नाव अगदी सार्थ आहे. कापडाच्या पृष्ठभागावर उभ्या धाग्यांची बारीक वेटोळी ठेवण्याची कला तुर्कस्तानातील विणकरांची. हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती तेथे पाहिली, मायदेशी नेली, तसे कापड यंत्रावर विणविले आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडले. अशा विणीत ताण्याचे दोन संच असतात. एक ताठ ओढलेला, दुसरा सैल सोडलेला. ठरावीक आडवे धागे घातले की फणीचा ठोका बसतो आणि सैल धागे पुढे ढकलले जाऊन त्यांची वेटोळी उभी राहतात. या वेटोळ्यांमुळे कापडाचा पाणी टिपणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. आपल्या सोलापूरच्या विणकरांनी हीच वीण आत्मसात करून असे नाव कमावले की सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे.

टर्किश टॉवेल पाणी अधिक पितो. पण जे अधिक पिते ते सुकायलाही अधिक वेळ घेते. अंगणातील दोरी होती तोवर हा दोष जाणवला नाही. आता आपण सदनिकांत राहतो. न्हाणीघराला ऊन नाही, वारा नाही. जाड नॅपकिन कडीला अडकवला की त्याची खालची बाजू संध्याकाळपर्यंत ओली राहते, आणि तोवर आणखी दहा हात त्याला पुसले गेलेले असतात. पत्रलेखिका भगिनींनी नेमके बोट ठेवले आहे ते येथे.

सामाईक फडक्याचा धोका जुन्या पिढीला डोळ्यांमुळे माहीत होता. 'खुपऱ्या' हा शब्द आजच्या मुलांनी ऐकलेलाही नसेल. एकेकाळी या रोगाने आपल्या देशात असंख्य लोकांची दृष्टी नेली. हाताची बोटे, माशा आणि एकमेकांची तोंड पुसण्याची फडकी, हे त्याच्या प्रसाराचे मार्ग. १९६३ मध्ये सरकारने खुपऱ्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. या रोगाविरुद्ध जगभर जी उपाययोजना राबविली जाते, तिच्या चार कलमांपैकी एक कलम केवळ चेहरा स्वच्छ ठेवण्याचे आहे. खुपऱ्या गेल्या; पण डोळे येणे, खरूज, नायटा हे आजही एका टॉवेलावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. बँकेत मी आयुष्यभर संयुक्त खाती उघडून दिली. तोंड पुसण्याच्या फडक्याचे मात्र संयुक्त खाते असू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्या धर्माने हेच निराळ्या बाजूने सांगितले आहे. ओले, मळके वस्त्र चुरगळून ठेवले की त्यात जीवोत्पत्ती होते. म्हणून ते लगेच पिळून, पसरून वाळत घालावे, हे बाळकडू आपल्याला मिळालेले आहे. गाळलेले पाणीसुद्धा एका मुहूर्तानंतर, म्हणजे ४८ मिनिटांनंतर, पुन्हा गाळावे असे आपण मानतो. मग दिवसभर ओल्या राहिलेल्या नॅपकिनाचा विचार कोणी करावा? शास्त्रातील सूक्ष्म जीव आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जंतू एकच, असा दावा करण्याचा माझा अधिकार नाही. दोघांचा आदेश मात्र एक आहे: वस्त्र वाळवा. आधी आळसाने जीव उपजू द्यायचे आणि मग जंतुनाशकाच्या बाटलीने ते मारायचे, यापेक्षा ते उपजणारच नाहीत अशी काळजी घेणे हा अहिंसेचा अधिक सरळ मार्ग आहे.

येथवरचे लिहिणे सोपे होते. आता मुख्य विषयाकडे येतो.

मागील वर्षी माझी आई घरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय सत्त्याऐंशी. शस्त्रक्रिया झाली, परंतु अशक्तपणा इतका की पुढील दोन महिने तिचा बहुतेक वेळ खाटेवरच जाणार हे स्पष्ट होते. सेवेसाठी एक मावशी सकाळ-संध्याकाळ येत. आईला अंघोळ घालणे म्हणजे ओल्या फडक्याने सर्वांग पुसून घेणे, हे काम त्यांचे. त्या काळात मी औषधे आणली, डॉक्टरांच्या भेटी ठरविल्या, विम्याचे कागद पूर्ण केले आणि आपण आईची सेवा करीत आहोत, अशा समाधानात राहिलो. अंग पुसण्याच्या वेळी मी दार लोटून बाहेर येत असे.

तिसऱ्या आठवड्यात मावशींना लेकीच्या बाळंतपणासाठी गावी जावे लागले. आमच्या सौ.च्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती; तिला वाकणे आणि ओझे उचलणे वर्ज्य. सूनबाई पुण्याला नोकरीत, कन्या परदेशी. बदली बाई शोधली, मिळाली नाही. मावशींनीच विचारले, "साहेब, तुम्ही करता का? दोन दिवसांत शिकवून जाते."

आईने ऐकले आणि ती ताडकन म्हणाली, "तो नको."

तिच्या 'नको'त राग नव्हता. ज्या मुलाला तिने न्हाऊ घातले, त्याच्यापुढे असे पडून राहणे तिला असह्य होते. आणि खरे सांगायचे तर तिच्या नकाराने मलाही सुटल्यासारखे वाटले. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

मावशी मात्र व्यवहारी. त्या म्हणाल्या, "आजी, तोंड-हात-पाय तरी करू देत. बाकीचं बघू." मग त्यांनी घरातले टॉवेल पाहिले आणि सारे नापसंत केले. जाड टॉवेल नीट पिळता येत नाही, पाणी गळते, आजारी माणसाच्या पातळ कातडीला तो खरखरीत लागतो. "जुनं, मऊ सुती काही आहे का?" आईने ट्रंकेकडे बोट दाखविले. ट्रंकेत अण्णांचा शेवटचा पंचा होता. अण्णा जाऊन अकरा वर्षे झाली. तो पंचा धुऊन धुऊन रेशमासारखा मऊ झालेला. मी घुटमळलो. आई म्हणाली, "फाड. ठेवून काय करणार? परिग्रहच तो."

मावशींनी त्याचे हातभर लांबीचे तीन तुकडे केले. एक तोंडाचा, एक अंगाचा, एक कमरेखालचा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निराळ्या रंगाचा दोरा ओवला, म्हणजे चूक नको. मग मला म्हणाल्या, "आधी स्वतःच्या हातावर करून बघा." मी फडके भिजवून दंडावर फिरवले. पाणी कोपरापर्यंत ओघळले आणि लोंबणारे टोक गार लागले. "हे असं आजीला लागणार," त्या म्हणाल्या. फडके तळहाताभोवती गुंडाळायचे, सुटी टोके मुठीत धरायची. मग ओघळही नाही आणि गार टोकाचा स्पर्शही नाही. एवढी एक गोष्ट हाताला बसायला मला अर्धा दिवस लागला.

त्यांनी जे शिकविले ते येथे सविस्तर देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ही वेळ येणार आहे.

पंखा बंद करावा, खिडकी लोटून घ्यावी. दोन पसरट पातेल्यांत कोमट पाणी घ्यावे. एकात नावापुरता साबण, दुसरे स्वच्छ. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, कारण बोटांना ऊन सोसते आणि त्यांचा अंदाज चुकतो. रुग्णाच्या अंगावर चादर असावी. ज्या अवयवाची पाळी तेवढाच उघडावा, पुसून कोरडा करावा, झाकावा आणि मगच पुढे जावे. आरंभ डोळ्यांपासून. साबण नाही. नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसावे. दुसऱ्या डोळ्याला फडक्याचा दुसरा कोपरा. मग कपाळ, गाल, कानामागची बाजू, मान. त्यानंतर हात, मनगटाकडून खांद्याकडे. काखा, छातीखालची घडी, पोट, मग पाय आणि बोटांच्या बेचक्या. पाणी गार किंवा गढूळ झाले की बदलावे. पाठ कुशीवर वळवून. कमरेखालचा भाग सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने, पुढून मागे. आणि कोरडे करताना घासू नये, टिपावे. विशेषतः जेथे कातडीला कातडी लागते तेथे ओल राहू देऊ नये. या सगळ्याला तीन-चार लिटर पाणी पुरते. आपल्या रोजच्या अंघोळीच्या बादलीशी तुलना करून पाहावी.

पहिल्या दिवशी आईने चेहरा, हात आणि पाय एवढेच करू दिले, तेही डोळे मिटून. मी इतका भीत होतो की फडके केवळ टेकवत होतो. ती डोळे न उघडता म्हणाली, "मूर्ती पुसायचास तसं पूस."

यावर थोडे सांगितले पाहिजे. गावच्या मंदिरात अभिषेकानंतर मूर्ती पुसण्याचे काम लहानपणी कित्येक वर्षे माझ्याकडे होते. स्वच्छ धूतवस्त्राने भगवंतांच्या मस्तकापासून आरंभ करून कानांच्या मागे, बाहूंच्या आतल्या बाजूला, पद्मासनाच्या घडीत कोठेही पाण्याचा थेंब राहू नये, हलका पण निश्चित हात असावा, असे पंडितजी शिकवीत. श्वेतांबर बांधवांकडे तर यासाठी एकामागून एक अशी तीन अंगलूछणी वापरण्याची रीत आहे. माझा हात चांगला म्हणून पंडितजी माझे कौतुक करीत आणि आई ते चार बायकांत अभिमानाने सांगे. तिने आठवण दिली आणि हाताला काय करायचे ते उमगले. पाषाणाच्या मूर्तीच्या कानामागचा थेंब टिपणारा मी, पन्नासहून अधिक वर्षांत आईच्या कानामागे काय आहे ते पाहिले नव्हते. तेथे एक जुना व्रण आहे. लहानपणी विहिरीच्या रहाटाचा दोर लागला होता, असे तिने सांगितले. मला ठाऊक नव्हते.

कमरेखालची स्वच्छता पहिले चार दिवस शेजारच्या काकू येऊन करीत. पाचव्या दिवशी त्यांना गावाला जावे लागले. त्या सकाळी आई काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवले आणि ती पुटपुटत णमोकार मंत्र म्हणू लागली. मी चादरीखाली हात घालून, मावशींनी शिकविल्याप्रमाणे, न पाहता, तिसऱ्या फडक्याने काम केले. मीही मनात तोच मंत्र म्हणत होतो. सारे आवरून चादर नीट केली. बराच वेळ दोघेही गप्प. मग ती एवढेच म्हणाली, "पाणी कोमट होतं." तिने दुसऱ्या दिवसापासून काकूंना बोलावू दिले नाही.

आठव्या दिवशी पाठ पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तर त्वचा पांढरी पडेना. मावशींनी हे लक्षण सांगून ठेवले होते. डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "शय्याव्रणाची सुरुवात आहे, वेळेवर पाहिलेत. आणखी चार दिवसांनी जखम झाली असती." हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावले, टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली दिली. ती लाल जागा चोळायची नाही, असे त्यांनी बजावून सांगितले. डाग हळूहळू मावळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दार लोटून बाहेर बसण्याची सोय त्या दिवसांतही मला मिळाली असती, तर तो डाग कोणाच्या दृष्टीस पडला असता?

आपले मुनिराज कोणतीही वस्तू घेताना-ठेवताना आधी डोळ्यांनी पाहतात आणि मग पिच्छीने हळुवार परिमार्जन करतात. आधी पाहणे, मग पुसणे. घरातल्या आजारी माणसाचे अंग पुसतानाही तोच क्रम आहे, हे मला तेव्हा कळले. मुनिराजांच्या अठ्ठावीस मूलगुणांत तर 'अस्नान' हाही एक गुण आहे. देह पाण्याने पवित्र होत नाही, असे अशुची भावना आपल्याला सांगते. मग देह पुसण्याला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. मला असे वाटते, की ते देहाच्या पावित्र्यासाठी नाहीच. जो स्वतः उठू शकत नाही, त्याची पीडा कमी करण्यासाठी आहे.

आणि त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, वैयावृत्त्य. सहा आभ्यंतर तपांमध्ये त्याची गणना आहे. षोडशकारण भावनांमध्ये त्याचा समावेश आहे. आणि समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याला श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांमध्ये स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या दहा जणांचे वैयावृत्त्य करावे असे सांगितले, त्यांत 'ग्लान' म्हणजे रुग्ण यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेथील ग्लान म्हणजे रुग्ण मुनिराज, हे मला मान्य आहे. पण ज्याने घरातील ग्लानाला कधी हात लावला नाही, त्याच्या हाताला ही सेवा येणार कोठून? शिक्षाव्रत याचा अर्थच सरावाने शिकण्याचे व्रत. दशलक्षण पर्वात मी अनेकदा उपवास केले आहेत. 'उत्तम तप' या विषयावर एकदा मंदिरात भाषणही केले. त्या भाषणात वैयावृत्त्याची व्याख्या मी अचूक सांगितली होती.

आता पत्रलेखिका भगिनींना उत्तर. बेसिनपाशीचा सामाईक नॅपकिन आजच काढावा. प्रत्येकाला स्वतःचे, पातळ विणीचे, लहान सुती फडके द्यावे आणि मावशींप्रमाणे कोपऱ्यात निराळ्या रंगाचा दोरा ओवावा. लहान मुलांनाही खूण चटकन कळते. नवे कापड वापरण्यापूर्वी दोन-तीनदा धुवावे. त्याला खळ असते आणि खळ असेतो ते पाणी टिपत नाही. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणे फडक्यांना लावू नयेत; त्यांचा थर बसून कापडाची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. रोज धुवावे, पूर्ण उलगडून उन्हात वाळवावे, आणि ऊन नसेल तर निदान वाऱ्यावर. पाहुण्यांसाठी धुतलेल्या फडक्यांची लहानशी चळत ठेवावी. बाजारात ओल्या कागदी रुमालांची पाकिटे मिळतात. प्रवासात ती सोयीची आहेत, पण त्यांतील पुष्कळांत पॉलिएस्टरचे म्हणजे प्लॅस्टिकचेच तंतू असतात. जुना पंचा किंवा जुनी सुती साडी घरात असताना त्यांची गरज नाही.

आणखी एक विनंती आहे आणि ती माझ्या वयाच्या बंधूंना आहे. आपल्या घरांत हे काम परंपरेने बायकांकडे किंवा पगारी बाईंकडे आहे. त्यांचा हात नसेल तेव्हा काय, हा विचार आपण करीत नाही. आई-वडील हिंडते-फिरते आहेत तोवर हे शिकून घ्यावे. संकोच दोन्ही बाजूंना असतो आणि तो एका दिवसात जात नाही. आधी पाय, मग हात, मग पाठ, असा तो थोडाथोडा सोडवावा लागतो. नकार मिळाला तर तो मानावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

मावशी तीन आठवड्यांनी परत आल्या. त्यांनी आईची पाठ तपासली, टाचा पाहिल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. बँकेतील पदोन्नतीच्या पत्रानेही मला इतका आनंद झाला नव्हता.

आज आई वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते. खुर्चीवर बसून स्वतःचे तोंड स्वतः पुसते; पाठ मात्र माझ्याकडे आहे. अण्णांच्या पंचाचे तिन्ही तुकडे अजून टिकून आहेत. दुपारी ते गॅलरीतल्या दोरीवर उलगडून घातलेले असतात आणि आई आपल्या खाटेवरून त्यांच्यावर लक्ष ठेवते. काल मी गडबडीत अंगाचे फडके तोंडाच्या जागी अडकवले, तर आतून हाक आली, "अरे, दोरा बघ. तो निळा माझ्या तोंडाचा."

मी उठून जागा बदलली.